शटर ओढल्यावरही ऑफिसचं नेट जागं राहतंय? शोध कुठून सुरू करायचा

ऑफिसला कुलूप, घरी सगळे झोपलेले आणि तरी नेटवर्कवर काहीतरी चालू आहे, असा फोन मला महिन्यातून एकदा-दोनदा येतोच. मी सांगली-मिरज भागातल्या छोट्या ऑफिसांची नेटवर्कं सांभाळतो. सीए, पॅथॉलॉजी लॅब, आडत दुकानं, एखादी पतसंस्था, म्हणजे पाच ते पंचवीस पॉइंटचा पसारा. फोन करणारा माणूस घाबरलेला असतो आणि बहुतेक वेळा त्याने कुणावर तरी मनातल्या मनात संशय घेऊनही झालेला असतो. बऱ्याचदा कारण साधं निघतं, पण दरवेळी नाही. म्हणून मी ठरावीक क्रमाने जातो आणि तोच क्रम इथे देतो आहे. सुरुवातीच्या तपासण्यांना एक पैसा लागत नाही.

लक्षणं

खालच्यापैकी एखादं लक्षण पुन्हा पुन्हा दिसत असेल तर पुढचं वाचा.

- संध्याकाळी बंद केलेला पीसी सकाळी चालू सापडतो.
- राउटरच्या यादीत किंवा मोबाइल ॲपवर रात्री अनोळखी डिव्हाइस जोडल्याची नोंद दिसते.
- महिना संपायच्या आधीच डेटाची मर्यादा संपते आणि नेट कूर्मगतीने चालायला लागतं.
- सकाळी प्रिंटरच्या ट्रेमध्ये अगम्य अक्षरांची पानं पडलेली असतात.
- स्क्रीनवर आपण न उघडलेली खिडकी उघडी असते, किंवा माउस कुणीतरी हलवल्यासारखा वाटतो.
- तुमच्या कनेक्शनवरून संशयास्पद वाहतूक होत असल्याचा मेल नेट देणाऱ्या कंपनीकडून येतो.

स्विचचे (नेटवर्कच्या सगळ्या तारा जिथे येऊन मिळतात त्या डब्याचे) दिवे रात्रभर लुकलुकतात, असं वॉचमनने सांगितलं तर तेवढ्यावरून घाबरू नका. नेटवर्कवरची यंत्रं एकमेकांना सतत हाका मारत असतात, त्यामुळे एकही माणूस नसला तरी ते दिवे लुकलुकतातच. शेवटची दोन लक्षणं मात्र वेगळी आहेत. ती दिसली तर मधलं सगळं सोडून थेट "इथे थांबा" या भागाकडे जा.

हात लावण्याआधी

राउटर बंद करून चालू करू नका आणि रिसेट तर अजिबात करू नका. छोट्या राउटरमधला लॉग, म्हणजे घडामोडींची नोंद, बहुधा त्याच्या तात्पुरत्या मेमरीत असतो आणि वीज गेली की पुसला जातो. "आधी राउटर रिस्टार्ट करून पाहिला" हे वाक्य ऐकलं की निम्मा पुरावा गेला हे मला कळतं.

त्याऐवजी एक वही घ्या. तारीख, वेळ, डिव्हाइसचं नाव, आयपी (नेटवर्कवरचा पत्ता), मॅक ॲड्रेस (यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक) आणि ही नोंद कुठे दिसली, एवढे रकाने आखा. राउटरच्या सेटिंगच्या पानाचे मोबाइलवर फोटो काढा. फोटोत वेळ दिसू द्या. तीन-चार रात्रींच्या नोंदी एकाखाली एक आल्या की पुष्कळ गोष्टी आपोआप उलगडतात. रोज ठरल्या मिनिटाला होणारी गोष्ट बहुधा टायमरवर चालते. वेळ रोज बदलत असेल तर तिच्यामागे माणूस असण्याची शक्यता जास्त.

पहिली तपासणी: घड्याळ

ही मी कधीच वगळत नाही. का, ते सांगतो.

एका वितरकाच्या ऑफिसमध्ये राउटरच्या लॉगमध्ये रोज रात्री अडीचला एक लॅपटॉप जोडला जात होता. किल्ली दोघांकडेच होती, मालकाकडे आणि बिलिंग करणाऱ्या मुलाकडे. मालकांनी त्या मुलाला दोन दिवस घरी बसवलं आणि मग मला बोलावलं. मी राउटरचं घड्याळ पाहिलं तर ते यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर होतं. आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे लॉगमधले रात्रीचे अडीच हे प्रत्यक्षात सकाळचे आठ. तो मुलगा रोज आठला येऊन, गिऱ्हाइकांची गर्दी व्हायच्या आधी, आदल्या दिवशीच्या नोंदी पुऱ्या करत होता. जो सगळ्यांत आधी येऊन काम करत होता, त्याच्यावरच चोरीचा आळ आला होता. मालकांनी त्याची माफी मागितली, पण त्या मुलाचा चेहरा अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

म्हणून राउटर, डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा), थंब मशीन आणि प्रत्येक पीसी यांचं घड्याळ मोबाइलच्या घड्याळाशी ताडून पाहा आणि फरक वहीत लिहा. नेहमी सापडणारे घोटाळे तीन. टाइम झोन यूटीसीवर राहिलेला असतो. डीव्हीआर चीनच्या वेळेवर असतो, जी आपल्या अडीच तास पुढे आहे, त्यामुळे रात्री आठची हालचाल साडेदहाची दिसते. किंवा लाइट गेल्यावर घड्याळ मूळपदावर गेलेलं असतं आणि नोंदींवर १ जानेवारी १९७० अशी तारीख पडते. डीव्हीआरचं घड्याळ वारंवार मागे पडत असेल तर आतला बटन सेल संपलेला असतो, तो थोड्या पैशांत बदलून मिळतो. फरक लिहून झाल्यावरच सगळी घड्याळं भारतीय वेळेवर लावा. आधी लावलीत तर जुन्या नोंदींचा हिशोब लागणार नाही.

दुसरी: ऑफिस बंद झाल्यावर एक फेरी

सगळे गेल्यावर एकट्याने ऑफिसात फिरा आणि कशाकशाचा दिवा चालू आहे ते बघा. डीव्हीआर, थंब मशीन, प्रिंटर, रिसेप्शनचा टीव्ही, बोर्डाच्या लाइटचा वायफाय टायमर, चार्जिंगला लावलेला ऑफिसचा मोबाइल. यातलं प्रत्येक यंत्र रात्री नेटवर बोलतं. थंब मशीन दिवसभराची हजेरी पाठवतं, टीव्ही नवीन सॉफ्टवेअर शोधतो.

प्रत्येकाचा मॅक ॲड्रेस बहुधा मागच्या स्टिकरवर असतो. तो वहीत घ्या आणि राउटरच्या यादीशी जुळवा. जे जुळलं त्यावर रेघ मारा. उरलेल्यांसाठी मॅकचे पहिले सहा आकडे-अक्षरं इंटरनेटवर शोधली की बनवणाऱ्या कंपनीचं नाव कळतं. "एस्प्रेसिफ" असं नाव आलं की लोक दचकतात, पण ती स्वस्त स्मार्ट प्लग आणि टायमरमधल्या चिपची कंपनी आहे. आपल्या बोर्डाचा टायमर आठवा.

मॅकचं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो बहुधा फोनने स्वतः बनवलेला खासगी पत्ता असतो. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन आपला खरा पत्ता लपवतात. अशा वेळी एकच फोन यादीत दोनदा, वेगवेगळ्या पत्त्यांनी दिसू शकतो. "नवीन डिव्हाइस" म्हणून आलेल्या फोनांपैकी बरेच आपल्याच माणसांचे निघतात.

तिसरी: वायफायचा पासवर्ड कुणाकुणाला माहीत आहे

आपल्याकडे पासवर्ड मागितला की नाही म्हणायची पद्धत नाही. शेजारचा दुकानदार, वॉचमन, सोडून गेलेले आर्टिकलवाले (सीएकडे शिकणारी मुलं), वरच्या मजल्यावरचे भाडेकरू, सगळ्यांच्या फोनमध्ये तो साठलेला असतो. वरच्या घरातल्या फोनला तुमचं वायफाय मिळालं की तो रात्री त्यावरच बॅकअप घेतो. व्हॉट्सॲपचा रोजचा बॅकअप रात्री दोनच्या सुमारास होतो आणि विंडोजची देखभालीची ठरलेली वेळही मुळात दोनचीच आहे. दोनच्या आसपास काही हललं की आधी या दोन गोष्टी आठवाव्यात.

नोंदी झाल्या असतील तर पासवर्ड बदला, डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता बटणाने जोडण्याची सोय) बंद करा, पाहुण्यांसाठी गेस्ट वायफाय वेगळं ठेवा. त्यानंतर रात्रीची हालचाल थांबली तर प्रश्न मिटला. थांबली नाही तर ती बहुधा तारेने जोडलेल्या यंत्रातून होते आहे, आणि शोध निम्मा झाला.

चौथी: पीसी आपोआप चालू का होतो

हा मामला जरा सविस्तर पाहावा लागतो, कारण "कुणीतरी पीसी चालू केला" आणि "पीसी आपणहून चालू झाला" यातला फरक विंडोज स्वतः लिहून ठेवतं.

आपल्या भागातलं पहिलं कारण वीज. पीसीच्या बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंगच्या पानावर) एक सेटिंग असतं, लाइट गेली आणि परत आली की काय करायचं याचं. ते "पॉवर ऑन"वर असेल तर रात्री लाइट येताच पीसी उठतो. तपासायला इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्ज, मग सिस्टीम. पीसी सुरू झाल्याच्या वेळेला कर्नल पॉवरची ४१ क्रमांकाची नोंद असेल तर त्याआधी तो नीट बंद न होता पडला होता, म्हणजे बहुधा वीजच गेली होती. त्या रात्री लाइट गेली होती का, हे वॉचमनला विचारा. पीसी नीट शटडाउन करून जात असाल तर मात्र ही ४१ ची नोंद मिळणार नाही. तेव्हा बायोसमधलं सेटिंगच पाहावं लागतं.

दुसरं कारण असं की पीसी बंद केलेलाच नसतो, तो झोपवलेला असतो. अशा वेळी पॉवर ट्रबलशूटरची १ क्रमांकाची नोंद सापडते आणि तिच्यात कशाने उठवलं तेही असतं. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, "पॉवरसीएफजी" लिहून एक जागा सोडा, मग स्लॅश आणि "लास्टवेक" (powercfg /lastwake). शेवटी कोणी उठवलं ते समोर येतं. "लास्टवेक"च्या जागी "वेकटायमर्स" (waketimers) लिहिलं तर पुढे कोण उठवणार आहे तेही दिसतं. उत्तरात नेटवर्क कार्डाचं नाव आलं, तर नेटवर्कवरून आलेल्या एखाद्या पॅकेटने (डेटाच्या तुकड्याने) त्याला जागं केलं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमधली उठवण्याची परवानगी काढा आणि दोन रात्री वाट पाहा.

पाचवी: माल आत येतोय की बाहेर जातोय

रात्री डाउनलोड जास्त असेल तर मी निवांत असतो. मायक्रोसॉफ्टचे सुरक्षा अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळी दहाला निघतात. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा, त्यांच्या हिवाळ्यात साडेअकरा. म्हणजे आपलं ऑफिस बंद असतानाच. चालू राहिलेले पीसी ते अपडेट एकमेकांनाही वाटतात, त्यासाठी ७६८० क्रमांकाचा पोर्ट (नेटवर्कचं क्रमांक दिलेलं दार) वापरतात. दोन पीसी रात्री आपसात बोलताना दिसले तर आधी हा आकडा शोधा.

बाहेर जाणाऱ्या डेटाकडे मात्र नीट पाहा. नेहमीचे मानकरी दोन, ढगात (क्लाउडवर) जाणारा बॅकअप आणि डीव्हीआर. डीव्हीआरचा हिशोब सोपा आहे. एका कॅमेऱ्याचं चित्र दोन एमबीपीएसने जात असेल तर तासाला सुमारे ९०० एमबी होतात. मालकांच्या घरी मोबाइलवर चार कॅमेरे उघडे राहिले आणि आठ तास तसेच राहिले, तर जवळजवळ २९ जीबी. एका दवाखान्याचा डेटा दर महिन्याला असाच संपत होता. डॉक्टरांच्या घरी जुन्या टॅबवर कॅमेऱ्याचं ॲप रात्रंदिवस उघडं होतं.

हिशोबाच्या पीसीवरून रात्री मोठा डेटा बाहेर जातोय आणि त्यावर कुठलाही बॅकअप लावलेला नाही, असं असेल तर थांबा. पुढची तपासणी तुम्ही करू नका.

सहावी: डीव्हीआर आणि राउटरची उघडी दारं

राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंगचं (बाहेरून आत यायची दारं ठरवणारं) आणि यूपीएनपीचं पान उघडा. आपण न घातलेले नियम तिथे असतील तर फोटो काढा. डीव्हीआर बसवणारा माणूस बाहेरून कॅमेरे दिसावेत म्हणून पोर्ट उघडतो आणि निघून जातो. यूपीएनपी चालू असेल तर डीव्हीआर न विचारता स्वतःच दार उघडतो. ३३८९, ४४५ किंवा ९१०० बाहेरच्या बाजूने उघडे दिसले तर ते बंद व्हायलाच हवेत. पहिला विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचा (दुरून पीसी चालवण्याचा), दुसरा फाइल शेअरिंगचा, तिसरा प्रिंटरचा. सकाळी ट्रेमध्ये सापडणारी अगम्य पानं बहुधा या तिसऱ्या दारातून येतात. इंटरनेट धुंडाळणारे प्रोग्राम प्रिंटरच्या दारावर टकटक करतात आणि प्रिंटर ती टकटक छापून ठेवतो.

राउटरच्या स्टेटस पानावर तुमच्या कनेक्शनचा आयपी १००.६४ ते १००.१२७ यांच्यात सुरू होत असेल, तर तुम्ही नेट कंपनीच्या सामायिक पत्त्यामागे आहात आणि त्या पत्त्यावरून बाहेरून थेट आत येणं जवळपास अशक्य आहे. मग संशय आतून बाहेर दोरी टाकणाऱ्या गोष्टींवर ठेवायचा, म्हणजे रिमोट ॲप आणि डीव्हीआरची क्लाउड सेवा.

कॅमेऱ्यांच्या बाबतीत मी कडक आहे. २०१६ मध्ये मिराय नावाच्या व्हायरसने कंपनीचेच पासवर्ड न बदललेले कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले आणि ऑक्टोबरमध्ये त्यांच्याच जोरावर डाइन (Dyn) या, वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या कंपनीवर हल्ला झाला. अमेरिकेत मोठमोठ्या वेबसाइट तासन् तास बंद पडल्या. हा व्हायरस फक्त मेमरीत राहतो. यंत्र बंद-चालू केलं की जातो, पण पासवर्ड तोच असेल तर थोड्या वेळात परत येतो. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी डीव्हीआरची नेटची तार काढा, मग तो बंद-चालू करा, पासवर्ड बदला, नवीन फर्मवेअर (यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर) असेल तर पेन ड्राइव्हवरून घाला आणि त्यानंतरच तार लावा.

सातवी: रिमोटने कोण येतं

हिशोबाच्या सॉफ्टवेअरची, थंब मशीनची, लॅबच्या यंत्राची सर्व्हिस देणारी मुलं रिमोट ॲप टाकून जातात आणि पासवर्ड लावून कायमचा प्रवेश चालू ठेवतात. त्यांचा हेतू वाईट नसतो. दर वेळी तुम्हाला फोन करून क्रमांक विचारायला नको, इतकंच. पण तो पासवर्ड त्यांच्या ऑफिसात किती जणांकडे आहे, हे तुम्हाला कधीच कळणार नाही. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर यांसारखी ॲप आत कोण आलं याची नोंद स्वतःच्या फाइलमध्ये ठेवतात. ती फाइल आधी कॉपी करून घ्या, मगच ॲप काढा.

विंडोजच्या सिक्युरिटी लॉगमध्ये ४६२४ म्हणजे यशस्वी लॉगिन आणि ४६२५ म्हणजे फसलेलं. ४६२४ मध्ये लॉगऑन टाइप १० असेल तर माणूस रिमोट डेस्कटॉपने आला होता. टाइप ५ दिसला तर ती विंडोजची स्वतःची सेवा, तिच्याकडे दुर्लक्ष करा. रात्रभरात शेकडो ४६२५ दिसत असतील तर कुणीतरी पासवर्ड आजमावत आहे. त्यांच्यापाठोपाठ टाइप १० चा एक ४६२४ दिसला, तर पासवर्ड सापडला असं धरा.

आठवी: अर्धे-अर्धे करत जाणं

इथवर काही सापडलं नाही आणि धोक्याचं काही दिसलंही नाही, तर स्विचच्या निम्म्या तारा संध्याकाळी काढा. हालचाल चालू राहिली तर दोषी उरलेल्या निम्म्यात. सोळा पॉइंट असतील तर चार रात्रींत एकच तार हातात उरते. कंटाळवाणं काम आहे, पण मला याने कधीच दगा दिलेला नाही. डीव्हीआरचं रेकॉर्डिंग तार काढली तरी आत चालूच राहतं. कॅमेरे त्याच स्विचवरून येत असतील तर मात्र त्यांच्या तारांना हात लावू नका.

यापुढे मॅनेज्ड स्विच, पोर्ट मिररिंग, वायरशार्क. ते येत असेल तर तुम्हाला या लेखाची गरज नाही आणि येत नसेल तर शिकायची ही वेळ नाही.

इथे थांबा

यातलं एकही दिसलं तर स्वतः काही दुरुस्त करू नका.

- सिक्युरिटी लॉगमध्ये ११०२, म्हणजे लॉग कुणीतरी पुसला.
- विंडोजवर अनोळखी ॲडमिनिस्ट्रेटर खातं.
- अँटिव्हायरस आपोआप बंद झालेला.
- राउटरमधला डीएनएस (वेबसाइटचं नाव देऊन तिचा पत्ता विचारायची जागा) अनोळखी पत्त्यावर वळवलेला.
- फाइलींची नावं बदललेली किंवा पैसे मागणारी चिठ्ठी.
- कुणाचाही हात नसताना हलणारा माउस, बँकेचा न मागितलेला ओटीपी.
- हिशोबाच्या किंवा रुग्णांच्या नोंदींच्या पीसीवरून कारण नसताना बाहेर गेलेला मोठा डेटा.

त्या पीसीची नेटवर्क तार काढा, वायफाय बंद करा, पण पीसी बंद करू नका, कारण मेमरीतला पुरावा बंद करताच जातो. फॉरमॅट करू नका. बॅकअपची हार्ड डिस्क जोडलेली असेल तर काढून कपाटात ठेवा. बँकेचे आणि मेलचे पासवर्ड दुसऱ्या, खात्रीच्या यंत्रावरून बदला. मग घटनांचा तपास करणाऱ्या माणसाला बोलवा. पीसी विकणारा दुकानदार बहुतेक वेळा पहिलं काम विंडोज टाकण्याचं करतो, त्याला आज बोलवू नका. येणाऱ्याला फोनवरच विचारा, "डिस्कची प्रत घेऊन मग काम करता का?" उत्तर हो नसेल तर दुसरा शोधा.

पैसे गेले असतील तर त्याच मिनिटाला बँकेला फोन आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठवता आली तरच हाती लागते. नेटवर्कमध्ये कुणी घुसल्याचं दिसलं तर सर्ट-इनला, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवायचं असतं. त्यांच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार लक्षात आल्यापासून सहा तासांत, आणि लॉग १८० दिवस जपून ठेवायचे असतात. नेट कंपनीकडून संशयास्पद वाहतुकीचा मेल आला असेल तर त्याच सर्ट-इनचं सायबर स्वच्छता केंद्र व्हायरस काढायची साधनं मोफत देतं. पण ती वापरण्याआधी तपास करणाऱ्याला विचारा.

असे हल्ले बरेचदा सुट्टीला लागून होतात. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर २०१८ मध्ये हल्ला झाला तो ११ ऑगस्टला, महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, बँकेच्या सुट्टीच्या दिवशी, आणि दोन दिवसांनी पुन्हा. एकूण सुमारे ९४ कोटी रुपये गेले. तुमचं ऑफिस चार टेबलांचं असलं तरी दिवाळीच्या आठवड्यात, जोडून आलेल्या सुट्ट्यांत नको असलेले पीसी आणि रिमोट ॲप बंद करून जा.

तपास चालू असताना कुणाचा खासगी फोन उघडायला लावू नका आणि कुणाचं नाव घेऊ नका. तपास करणारा आला की त्याला वही द्या, फोटो द्या, घड्याळांचे फरक द्या आणि तुम्ही स्वतः कशाकशाला हात लावला तेही सगळं सांगा. राउटर रिस्टार्ट केला असेल तर तेही.